पाचवा हात

आमच्या लोणावळ्याच्या कॉलेजात समुद्र काचेच्या बरण्यांत असतो. खरा बघायचा तर घाट उतरावा लागतो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली अशीच एक बरणी ब्रिटल स्टारची. तारामाशाचाच हा सडपातळ भाऊबंद. मधे बटणाएवढी चकती आणि भोवती पाच लांब, वळवळणारे हात. दगडाखाली अंग चोरून बसायचं आणि हात तेवढे बाहेर काढून वाहत आलेलं अन्न गोळा करायचं. माशाने हात धरलाच तर तो त्याच्या तोंडात सोडून पळ काढायचा. हात काय, पुन्हा फुटतो. हे मी इतकी वर्षं शिकवते आहे की झोपेत उठवलं तरी घडाघडा सांगेन.

सांगायचे, पण बघत नव्हते. बरणीत पाहून आकृती काढायची असा नियम आहे. प्रत्यक्षात पोरं आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात आणि आम्ही सह्या ठोकतो. पाचही हात सारखे, बाजूला नावं, झालं.

दोन वर्षांपूर्वी तिकोणा पेठेहून येणाऱ्या एका मुलीने चार हात लांब आणि पाचवा आखूड, बारीक काढला. मी लाल पेनाने काट मारून लिहिलं, 'नीट बघून काढ.' ती जर्नल घेऊन टेबलापाशी आली.

"मॅडम, बगूनच काढलंय. ह्यो हात तुटून नवा फुटलाय. पालीची शेपटी बी आदी बारकीच येती."

वर्ग हसला. मला राग आला तो पालीचा नव्हे, तिने मला शिकवल्याचा. "परीक्षेला बाहेरचे सर येतात. त्यांना पाली सांगणार आहेस का?" दुसऱ्या दिवशी तिने पाच सारखे हात काढून आणले आणि मी सही केली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बरण्या पुसताना तीच हातात आली. खिडकीशी धरून पाहिली. पाचवा हात मुळाशी जाड होता आणि जिथे तुटला होता तिथून पुढे एकदम बारीक. माझी मलाच लाज वाटली. तिला बोलावून सांगितलं, तुझंच बरोबर होतं, उद्या आकृती तशीच काढ.

तिने बरणीकडे वळूनही पाहिलं नाही.

"नको मॅडम," माझीच समजूत काढावी तशी ती म्हणाली. "आता मी पुस्तकातलंच काढते. त्यात चूक निगत न्हाई."