वारं मोजणाऱ्याचं नाव

लिही पोरी. तारखा मला इचारू नको, त्या मला येत नायत. तुझ्या आजोबाचा जलम पोलीस अॅक्शनच्या सालचा, एवढं टाक. माझी सासू म्हाळसाबाई सांगायची, पोटुशी असताना रझाकाराच्या भ्यानं ती मेंढरांसंगट पिशोरकडच्या डोंगरात लपली, आन् हे तिथंच झाले. म्हणून वाऱ्याची पारख त्यांना उपजतच. मेंढरं कशी बसवायची, वाघूर म्हंजी मेंढरांभवतीची जाळी कुठल्या अंगाला लावायची, सगळं वाऱ्यावर आसतंय.

नाव काय टाकू म्हणतीस? अगं, नावाचीच तर गोष्ट हाय. दम धर. आत्ता नुसतं आजोबा टाक.

शाळा दोन यत्ता. मग शहागंजात एका खाँसाहेबाच्या रेडिओच्या दुकानात झाडू मारायला लागले. झाडता झाडता रेडिओ खोलायला शिकले. आमचं लगीन झालं तवा त्यांच्या खिशात कंगवा नव्हता, पण स्क्रू-डायवर व्हता. पुढं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात विजेच्या कामाला लागले, आन् आम्ही मुकुंदवाडीत खोली केली.

त्या कारखान्यात एक साहेब व्हते. त्यांना नावेचा लई नाद. शिडाची नाव, दोन माणसं बसत्याल एवढीच. सुट्टी आली की पैठणच्या धरणावर. शिडाच्या नावेला वारं कुठून येतंय आन् किती जोराचं, ते कळावं लागतंय. त्याचं विलायती यंत्र साहेबांनी आणलं व्हतं, ते पाण्यात पडून बाद झालं. नवं यायला सहा महिने. हे म्हणले, "साहेब, मी करतो की." साहेब हसले. म्हणले, "कर."

मग काय इचारतीस! घरात पाय ठेवायला जागा नाय. डालड्याचा डबा कापून माशाच्या शेपटीवानी पत्रा केला. तो वाऱ्यासंगं फिरायचा, आन् त्याच्या बुडाला रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटन. पत्रा फिरला की बटन फिरायचं, बटन फिरलं की काचंतला काटा हालायचा. ते झालं वारं कुठलं त्याचं. जोर मोजायला तीन वाट्या लागत व्हत्या, गोल फिरणाऱ्या. नारळाच्या करवंट्या लावून बघितल्या, एक जड, एक हलकी, नुसत्या थडाथडा हालायच्या. एक दिस मी चुलीपुढं, आन् तुझा बाप मागं भोकाड पसरून रडायलाय. बघते तर त्याचा खुळखुळा मधोमध कापलेला!

म्हणलं, "आवं, लेकराचा काहून कापला?"

म्हणले, "लई हलका हाय. आजून एक पायजे."

शेजारच्या कारभाऱ्याच्या पोराचाबी मागून आणला. चार वाट्या झाल्या, तीन लावल्या. उरलेली एक बघ, आजूनबी मिठाच्या बरणीत हाय. त्या वाट्या टेपरेकॉर्डरच्या बारक्या मोटारीवर बसवल्या. एरवी मोटारीला वीज द्यावी तवा ती फिरती. ह्यांनी उलटं केलं. वाऱ्यानं मोटार फिरायची आन् वीज ती द्यायची. जेवढं वारं, तेवढा काटा वर.

पण काटा कुठवर गेला म्हंजी किती वारं, हे कसं कळावं? तवा कारभाऱ्याची लुना मागितली. फटफटायच्या येळंला, झाडाचं पान हालत नसताना, हे पुढं आन् मी मागं, एका हातात काठीवर फिरणारं यंत्र, मांडीवर काटा, पदर दातात. जालन्याच्या रोडनं निघालो. लुनाचा काटा बघून हे वरडायचे, "धा!" मी काचंवर काजळाचा एक ठिपका द्यायची. "वीस!" दोन ठिपके. मला आकडे कुठं येत व्हते? टेशनापाशी एक म्हातारा थांबून म्हणला, "आरं, बायकोला उडवायला निघाला का काय?" आसं हसलो दोघंबी! पोरी, एवढं मी पुन्हा कधी हसले नाय.

साहेबांनी यंत्र नावेच्या डोलकाठीवर लावलं. विलायतीपरीस बरं चाललं. मग एक दिस साहेबांकडं पुण्याकडचे पाव्हणे यायचे ठरले. ते पोरांना नावा चालवायचं शिकवायचे. त्यांना आसली यंत्रं करणारा माणूस कायमचा ठेवायचा व्हता. पगार, राह्यला खोली, सगळं. साहेब ह्यांना म्हणले, "तू नावेत माझ्यासंगं चल, काटा नीट दाखव. आन् बायकोला आण, भाकरी-भरीत करायला."

त्या सकाळी हे मला म्हणले, "मी पाण्यात आसंल. पाव्हण्यानं इचारलं तर सांग, म्या केलं म्हणून."

"सांगते की," म्हणलं.

पैठणला मी काठावर तीन दगडांची चूल मांडली. नाव गेली आत, मस्त शीड भरून. आन् मधोमध गेली न् वारं पडलं. पार पडलं. वाट्या गप, शीड लोंबकळलेलं, नाव जिथल्या तिथं. पाव्हण्याची जीप उभी, त्यांना पुढं जायचं. घडी घडी घड्याळ बघायलेत. शेवटी वही काढून म्हणले, "वारं होतं तोवर दुर्बिणीतून बघितलं, यंत्र उत्तम आहे. बनवलं कुणी?"

मी भाकरी थापत म्हणलं, "ह्याच्या बापानं." मांडीला चिकटून तुझा बाप बसला व्हता.

"नाव काय त्यांचं?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

साहेबांचा मेव्हणा व्हता तिथं, बन्सी. कामधंदा नाय, नुसता मिरवायला. तो म्हणला, "आवो, ह्या बायका आशा नाव घेत नसत्यात. उखाणा घ्या, वहिनी!"

सगळे दात काढायला लागले. नाव बघायला जमलेले धा-पंधरा पुरुष. "घ्या, घ्या!" पाव्हणेबी हसून म्हणले, "घ्या बाई, मी लिहून घेतो."

उखाणा मला येत नव्हता का? लग्नातला पाठ व्हता की. पण तो हळदी-कुंकवाला बायांत घ्यायचा. परके बाप्ये खिदळायलेत, त्यांच्यापुढं घ्यायचा? आन् म्हाळसाबाईनं माझ्या मनात बसवलेलं, नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचं आयुष्य एक दिस कमी व्हतं. तिकडं पाण्यावर नाव दिसायली, हे दिसायलेत, हात हालवायलेत. हाक गेली नसती एवढ्या लांब.

बन्सी म्हणला, "दाजींचं नाव लिहा ना. डोकं त्यांचंच. हिचा नवरा आमचा कारखान्यातला गडी, स्क्रू पिळतो."

पाव्हणे भले. त्यांनी मला पुन्हा इचारलं, "बाई, असंच आहे का?"

मी मान खाली घातली. लाजून घातली गं. पण त्यांनी ती व्हय म्हणून घेतली. लिहिलं आन् गेले.

वल्ही मारत नाव यायला दुपार झाली. हे गुडघाभर पाण्यात उडी मारून आले.

"पाव्हणे?"

"गेले."

"इचारलं?"

"इचारलं."

"मग?"

मी ताटात भरीत वाढलं. ते उभेच ऱ्हायले. जेवले नायत.

साहेबांना कागद आला महिन्यानं, यंत्रं करणारा एक माणूस तुमच्याकडनं धाडा म्हणून. ते वाईट नव्हते. पण बायकोचा भाऊ घरात बसलेला, त्यांनी त्याला धाडलं. आन् ह्यांना म्हणले, "आजून एक यंत्र कर, बन्सीला तिथं दाखवायला लागंल."

मी म्हणलं, "करू नका."

म्हणले, "मग साहेबाला काय सांगू? तुझ्यावानी मान खाली घालू?"

केलं त्यांनी. पयल्यापरीस साफ केलं. लुनावर मला नेलं नाय, आकडे सोताच टाकले. त्याच्यानंतर नवं काय केलंच नाय. मिक्सर, पंखे, लोकाच्या ट्यूबा. घरी कोणी आलं, मला काय इचारलं, की म्हणायचे, "तिला नका इचारू, तिच्या जिभेला गाठ हाय." बावीस-तेवीस वर्सं. हसून म्हणायचे. हसून म्हणलेलं लई आत जातं, पोरी.

आयुष्य वाचवलं मी त्यांचं. आसलं आयुष्य.

मग एक दिस त्यांच्या छातीत दुखलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीतला माणूस म्हणला, "पेशंटचं नाव?" मी एका दमात सांगितलं. त्यांचं, बापाचं, आडनाव. मोठ्यानं. स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले व्हते. डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं.

म्हणले, "आता घेतलंस व्हय?"

दुपारीच गेले.

लिही आता. केरबा सटवाजी वाघमोडे. पैठणच्या धरणावर वारं मोजायचं यंत्र ह्या माणसानं केलं, साहेबानं नाय, बन्सीनं नाय. त्याची बायको बानाबाई, तिनं इचारल्यावर सांगितलं नाय. तेबी टाक.

लिहिलंस? वाच. मोठ्यानं वाच. आता कुणाचं आयुष्य कमी व्हायचं ऱ्हायलं नाय.