पाय धुवायची कोळमी

काजूची पिकली बोंडे पायाखाली फुटली की त्यांचा वास नाकाआधी घशात शिरतो. गोड, आंबूस, किंचित कुजका... फाल्गुन-चैत्राच्या उन्हात पार्से गावातल्या आमच्या भाटात, म्हणजे डोंगरउतारावरच्या काजूच्या बागेत, तो इतका दाट साचलेला असे, की शाळेतून येताच दप्तर भिरकावून आम्ही भावंडे त्या वासाच्या मागाने डोंगर चढत असू. वर किंदळाच्या सावलीत, जांभ्या कातळात कोरलेली एक उथळ, पसरट कुंडी होती. तिला आम्ही कोळमी म्हणायचो. तीत पिवळ्या-तांबड्या बोंडांचा ढीग, आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तो ढीग तुडवणारे माझे काका, बाबांचे थोरले भाऊ. रस कडेच्या पन्हळीतून खालच्या मडक्यात ठिबकत राही, आणि मडक्याभोवती आमच्यापेक्षा मधमाश्यांची गर्दी जास्त असे.

आम्हालाही तुडवायची हौस. पण काका कोळमीच्या काठावरच अडवत.

"आदीं पांय धू! पयलो रोस राखणदाराचो, मागीर तुमचो."

राखणदार म्हणजे किंदळाच्या बुंध्याशी उभा असलेला एक ओबडधोबड दगड. भाटाची, गुरांची आणि आम्हा पोरांचीही राखण त्याच्याकडे. हंगामाचा पहिला रस त्याच्या माथ्यावर ओतल्याशिवाय कोणाच्या जिभेला थेंब लागत नसे. म्हणून झरीवर जाऊन काथ्याने टाचा घासायच्या, नखांतली माती काढायची, आणि ओल्या पायांनी दगडावरून दगडावर उड्या मारत परत यायचे. वाटेत पाय मातीला लागला की पुन्हा झर! काकांची ही शिस्त तेव्हा अगदी जुलमी वाटायची.

पुढे काकांचे गुडघे गेले, आम्ही सगळे नोकऱ्यांना लागलो आणि भाटात रान माजले. ते विकताना काकांनी एकच अट घातली. कोळमी मोडायची नाही, आणि दरसाल हंगामात एक दिवस ती आमची. घेणाऱ्यांनी हसत मान डोलावली. राखणदाराला मी तसे सांगून ठेवलेय, असे काका घरी येऊन म्हणाले होते.

आता तिथे सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोजकेच टुमदार बंगले आहेत आणि बाकीच्या जमिनीवर 'मूळचे अरण्य' परत आणणे चालू आहे. काजू परदेशी, म्हणून तो तोडला. जांभूळ, किंदळ, कोकम लावले, प्रत्येक रोपाच्या गळ्यात नावाची पाटी. खोटे कशाला बोलू, आटत चाललेली झर पुन्हा वाहते आहे, धनेशाची जोडीही मी डोळ्यांनी पाहिली. त्यांना नुसत्या शिव्या घालता आल्या असत्या तर बरे झाले असते. शोभेपुरते चार काजू फाटकापाशी राखलेत. त्यांची बोंडे मात्र पिकायच्या आत उतरवतात, कारण पाहुण्यांना त्या वासाने मळमळते म्हणे.

यंदा शेजाऱ्यांच्या भाटातली टोपलीभर बोंडे घेऊन मी काकांना वर नेले. काठी टेकत, दर वळणावर थांबत ते चढले. घरून निघताना पाय धुतले होते, तरी झरीवर त्यांनी ते पुन्हा धुतले. आणि मग आम्ही कोळमीपाशी आलो.

कोळमीच्या काठाला गाद्या अंथरलेल्या होत्या. आत कोमट पाणी, वर तरंगणाऱ्या पाकळ्या, गवती चहाच्या तेलाचा उग्र वास, आणि त्यात बुडालेले दोन पाहुण्यांचे पाय. एक बाई दगडाने टाच घासत होती. पाण्यावर मळाची पांढुरकी साय धरलेली. जिथे शिरण्यासाठी आम्ही पाय घासले, तिथे ही माणसे पाय घासायला शिरली होती! आणि त्यांच्या ते गावीही नव्हते, याची तर जास्तच किळस आली.

व्यवस्थापक धावत आला. कोल्हापूरकडचा, अगदी अदबीचा मुलगा. "काका, तुमचा दिवस आजच हाय व्हय? पाच मिनिटं थांबा, फिनेल टाकून चकाचक घासून देतो की!"

काका पाण्याकडे बघत राहिले. "नाका रे बाबा," ते हळूच म्हणाले. "लोकांनी पांय धुतल्ले जाग्यार राखणदाराचो रोस कसो काडूं?"

मग ते राखणदारापाशी गेले. टोपलीतले एक बोंड उचलून त्यांनी दोन्ही मुठींत धरले आणि पिळले. रस दगडावर थोडा पडला, मनगटावरून पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीत जास्त गेला. आंबूस वास सुटला तशी गादीवरच्या बाईने नाकाला रुमाल लावला.

काका पुन्हा वर गेले नाहीत. जाणारही नाहीत, म्हणतात. तो सदरा मी घरी आणून धुतला. काजूच्या रसाचा डाग जात नाही हे ठाऊक होते, तरी धुतला. तो दोरीवर टाकताना मी बाही नाकाशी धरली. साबणाचाच वास आला.