सहा ठिपक्यांचा चाप

बघण्याच्या कार्यक्रमात मी माझ्या बायकोला पाहिलं नाही. तिने मला पाहिलं. जरा जास्तच पाहिलं.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. गिरगावची खोली सोडून आम्ही नुकतेच विरारच्या अलीकडे आचोळ्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. फ्लॅटला भिंती होत्या, खिडक्या होत्या, नळसुद्धा होते. फक्त नळांना पाणी नव्हतं. ते टँकरने यायचं. माझं वय एकोणतीस, नोकरी पक्की आणि पदरात तीन मुलींचे नकार. आईने या नकारांचा सखोल अभ्यास करून दोष शोधून काढला होता: माझा चष्मा!

आगाशीचं स्थळ चौथं. मुलगी सुजाता, प्राणिशास्त्राची पदवीधर, विरारच्या शाळेत शिक्षिका. वडिलांची केळीची आणि नागवेलीची वाडी. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळत होते, म्हणजे काठावर पास. "हेही हातचं गेलं तर मी पुन्हा स्थळ शोधायचं नाव काढणार नाही," असं आईने बसमध्येच बजावलं आणि आगाशीच्या बाजारात उतरल्या उतरल्या माझ्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"आई, मला दिसत नाही गं!"

"तुला दिसायचं नाहीये, तू दिसायचा आहेस. चष्म्यात अगदी तुझ्या बाबांसारखा दिसतोस."

"मग काय वाईट? तू नाही का हो म्हणालीस त्यांना?"

"मी कुठे? माझ्या वडिलांनी म्हटलं!"

सुजाताचे वडील, ज्यांना अख्खी आळी भाऊ म्हणायची, ओट्यावर आमची वाट बघत होते. (असं आईने सांगितलं. मला ओटाही नीट दिसत नव्हता.) समोर बशी आली. आगाशीची सुकेळी! पिकवून उन्हात वाळवलेलं केळं, माझा जीव की प्राण. मी उचललं आणि चावायला लागलो. चावतोय, चावतोय, संपेचना.

"पाव्हने," भाऊ हळूच म्हणाले, "पान काढून खातात."

आता काहीतरी बोलून बाजू सावरणं भाग होतं. समोर साडीतली एक आकृती येऊन बसली होती. मी घसा खाकरून अदबीने विचारलं, "आपलं शिक्षण?"

"सातवी," आकृती म्हणाली. "पन माजं लग्न झालंय. मी आत्या तिची."

आईने मला असा चिमटा काढला की तो अजून आठवतो. मग खरी सुजाता आली तेव्हा माझ्याकडून पुन्हा चूक नको म्हणून आई कानात धावतं वर्णन करू लागली. "पिवळी साडी आहे. नाकीडोळी नीटस. केसांना पांढऱ्या ठिपक्यांचा काळा चाप. साधी आहे हो मुलगी!" मी त्या दिशेला बघून हसलो. (तिथे खांब होता, हे नंतर कळलं.)

"मुलांना जरा वाडी फिरून येऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हे पाहून मला धीर आला. आम्ही निघालो. पुढे जे पिवळं चाललं होतं ती सुजाता, असा माझा अंदाज. आता एक तरी शहाणपणाची गोष्ट हातून घडावी म्हणून मी देवाला साकडं घातलं आणि देवाने लगेच ऐकलं. पायवाटेवर, पाचोळ्यात, बोटाच्या दोन पेरांएवढं काळं काहीतरी पडलं होतं. डोळे बारीक केले, तर वर पांढरे ठिपके! तिचा चाप!

मी वाकलो, तो अलगद चिमटीत उचलला आणि म्हणालो, "अहो, आपला चाप पडला."

"चाप? तो तर माझ्या..." ती वळली. "अहो, खाली ठेवा ते! लवकर ठेवा!"

"खाली कशाला? माती लागेल."

तेवढ्यात चाप हलला. चापाला पाय कसे, हे पाहण्यासाठी मी तो डोळ्यांजवळ नेला. अगदी जवळ, कारण चष्मा नव्हता. चापाने शांतपणे आपली मागची बाजू माझ्याकडे केली आणि पिचकारी मारली.

"आई गं! मेलो!"

डोळ्यांत तिखटाची पूड टाकून वर लिंबू पिळावं तशी आग! सुजाताने मला बाही धरून विहिरीवर ओढत नेलं. भाऊ धावत आले, पंप लागला, तांब्यामागून तांब्या तोंडावर बसू लागला.

"हातातून सोडा आता त्याला!" सुजाता ओरडली. हातावर पाणी पडलं तेव्हा तो निघून गेला. "गेला बाई! लागलं तर नाही ना?" ती काळजीने म्हणाली.

"नाही, डोळेच तेवढे..."

"तुम्हाला नाही, त्याला! डोळे उघडा."

"उघडत नाहीत."

"उघडा म्हणते ना! वर्गातली पोरं बरी तुमच्यापेक्षा."

"पण होतं काय ते?"

"भुंगेरा. काळा कुळकुळीत, पाठीवर सहा पांढरे ठिपके. दोन मानेमागे, चार खाली. दुसरा डोळा."

"उडून गेला?"

"त्याला उडता येत नाही. पाठीवरची कवचं जुळलेली असतात. पळतो मात्र सुसाट. अळ्या खातो, किडे खातो, म्हणून वाडीत कुणी त्याला मारत नाही. छेडला की आम्ल उडवतो, मुंगीत असतं ना, तेच. पुन्हा पहिला डोळा."

बघण्याच्या कार्यक्रमात मुलाने मुलीला काहीतरी विचारायचं असतं. हुंदका आवरत मी विचारलं, "कुठे... कुठे सापडतो?"

"कोरड्या, मोकळ्या जमिनीत. खाली दक्षिणेत तर पुष्कळ."

"आचोळ्यात?"

"होता. मग तुमच्या बिल्डिंगी आल्या."

सगळ्या बिल्डिंगींच्या वतीने मी सॉरी म्हणालो. पाणी थांबतच नव्हतं. माझ्यातला आचोळेकर कळवळला. "पुरे, पुरे! पाणी संपेल!"

"पाव्हने, ही विहीर हाय," भाऊ म्हणाले, "टँकर नाय!"

शेवटी आईने पर्समधून चष्मा काढून दिला. मी तो सुजलेल्या, मिटलेल्या डोळ्यांवर लावला आणि आईचा हात धरून बसमध्ये चढलो. "चौथा नकार," आई स्वतःशीच म्हणाली. या वेळी मात्र मला फार वाईट वाटत होतं. ती सारखी रागावत होती, पण तांब्या काही खाली ठेवत नव्हती. तो आवाज मला आवडला होता. अगदी मनापासून आवडला होता.

तिसऱ्या दिवशी केळीचा घड घेऊन भाऊ दारात हजर. "पोरीचा होकार हाय. म्हनते, मुलात चिकाटी हाय. डोळे जळत होते तरी हातातला जीव चेपला नाय, फेकला नाय, धरून ठेवला. आनि आमी हिशेब केला, अठरा गुन पत्रिकेतले, सहा किड्याचे. चोवीस झाले! तुमचं काय?"

"अरे, पण तू मुलगी पाहिलीस कुठे?" आईने कुजबुजत विचारलं.

"ऐकली ना," मी म्हणालो. "हो सांग त्यांना."

पुढे बारा-तेरा वर्षं मी त्या चिकाटीच्या जोरावर संसार केला. गॅस सिलिंडरच्या रांगेत चिकाटी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये चिकाटी. परवा मुलगी गणित अर्धं टाकून उठली, तर सुजाता भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबांची चिकाटी बघ जरा. डोळे जळत होते, पण..." मला राहवेना.

"सुजाता, खरं सांगू? मी त्याला धरलं नव्हतं. त्याने माझं बोट चावून धरलं होतं. मी तीनदा हात झटकला. तो सुटलाच नाही."

तिने विळी आडवी केली. माझ्याकडे रोखून बघितलं. (चष्मा होता. सगळं स्पष्ट दिसत होतं.)

"म्हणजे चिकाटी त्याच्यात होती?"

"हो."

"अगंबाई! आणि मी होकार तुम्हाला दिला!"