तिसरं पाकीट

भिवंडीजवळ कोनच्या नाक्यावरचा डायपरवाला पाकीट कधी हातात द्यायचा नाही. गल्ल्यामागून गिरकी घेऊन फेकायचा आणि आपण झेललं की स्वतःच टाळ्या वाजवायचा. त्या दिवशी मात्र त्याने फेकलंच नाही.

"ताई, घरात पोर एकच हाय ना? मग आठवड्यात हे तिसरं पाकीट?"

"पाणी खूप पिते आमची," मी कौतुकाने सांगितलं.

त्याने कडेवरच्या माझ्या दोन वर्षांच्या लेकीकडे पाहिलं. "वाळलीय पण. पाकीट न्हाय मिळणार. आधी दवाखाना. आजच साखर तपासा. माझ्या भाचीचं असंच झालेलं."

बोटाला टोचलं, तर साखर भरमसाट निघाली. लेकीला लगेच दाखल केलं, इन्सुलिन सुरू झालं. ते आता रोजचंच.

दोनेक महिन्यांनी मी त्याला सांगितलं, "मागचं पाकीट दहा दिवस पुरलं."

हा पठ्ठ्या नवं पाकीट डोक्यावर ठेवून भर रस्त्यात नाचायला लागला. "धंदा बुडवला माझा पोरीने!" रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, लेक खिदळत होती. त्याचं नाव विचारायचं आजही राहिलंच.

मग त्याने पाकीट फेकलं. मी एकाच हाताने झेललं. दुसरा हात लेकीच्या वजनाने पार भरून आला होता.