ग्वेई-लान काकूंच्या भुईमुगात शिरलेलं विमान

ग्वेई-लान काकू विमानात बसणार नाहीत म्हणजे नाहीत, हे आमच्या अख्ख्या बेटाला ठाऊक होतं. त्यांचं भुईमुगाचं शेत धावपट्टीच्या टोकाला, कुंपणापलीकडचा रस्ता ओलांडला की लगेच. सत्तावीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून विमानं जात होती, आणि काकू खुरपं उगारून प्रत्येकाला बजावायच्या, "वरनंच जा!"

मुलगा चिंग-फा समुद्रापलीकडे काओशुंग शहरात. दर रविवारी फोनवर तेच.

"आई, पाऊण तासाचा प्रवास. चहा पिईपर्यंत पोचशील."

"पाऊण तास पायाखाली जमीन नाही आणि मी चहा पिऊ?"

शेवटी मे महिन्यात तो स्वतःच त्यांना न्यायला निघाला.

दोन दिवस बारीक पाऊस चालू होता. दुपारी मी काकूंच्या शेताशेजारी, आमच्या ओसरीत भोपळा किसत बसले होते. त्याचं विमान उतरलं. मग ते थांबेचना. धावपट्टी संपली तरी आपलं चाललंय. कुंपण पाडलं, रस्ता ओलांडला, काकूंच्या शेताची पोवळ्याच्या दगडांची भिंत ढकलली आणि भुईमुगात शिरून, दमलेल्या म्हशीसारखं बसलं. बांधावरच्या भूमीदेवाच्या देवळीपासून त्याचं नाक हातभर लांब.

काकू शेतातच होत्या. हातात खुरपं, डोक्यावर टोपी आणि फडकं. विमानाचं दार उघडलं, रबरी घसरगुंडी फुगली आणि माणसं एकेक करून चिखलात येऊन पडू लागली. कुणी रडत होतं, कुणी हात जोडत होतं. काकू ओरडल्या, "वरंब्यावरनं चाला! फुलं आलीत!"

आणि त्रेपन्न माणसं, चपला-बूट हातात घेऊन, एका ओळीत, वरंब्यावरून चालत बाहेर आली.

सगळ्यांत शेवटी वैमानिक उतरला. पांढराफटक पडला होता. "मावशी, खाली कुणाला लागलं तर नाही ना?"

"लागलंय की. चार ओळी गेल्या तुमच्या चाकाखाली."

तो वाकून माफी मागत असतानाच काकूंनी पाळलेल्या हंसानं त्याची पोटरी धरली. अख्ख्या अपघातात रक्त आलं ते तेवढंच.

चिंग-फा कमरेपर्यंत चिखलानं माखून समोर उभा राहिला. काकूंनी खुरपं कमरेला खोचलं.

"जेवलास?"

"नाही."

"चल." चार पावलं गेल्यावर काकूंना राहवलं नाही. "हेच ना रे तुझं सुरक्षित?"

"आई, दारात आणून सोडलं ना?"

माझा किसलेला भोपळा काकूंच्या कढईत गेला. भोपळा घालून तांदळाच्या शेवया केल्या आणि त्रेपन्न जणांना वाढल्या. अग्निशामक गाडी वाटेत रुतली होती, म्हणून तिची माणसंही पंगतीला बसली.

दुसऱ्या दिवशी काकू खुरपणीला गेल्या तर शेताभोवती पट्टी लावलेली. तपासाला आलेला त्साई नावाचा तरुण अधिकारी छत्री धरून उभा.

"आजी, हा अपघाताचा परिसर आहे. परवान्याशिवाय आत जाता येणार नाही."

"आणि याच्याकडे आहे परवाना?" काकूंनी विमानाकडे बोट दाखवलं.

त्साईनं खरोखर कागद चाळले. "इथं थांबायचा... नाही, नाहीये."

मग त्यानं अर्ज भरून घेतला. कामाच्या रकान्यात लिहिलं, "धावपट्टीबाहेरील वनस्पतींची देखभाल." फोटोचं ओळखपत्र मिळालं. काकू ते गळ्यात घालून देवळातसुद्धा जायच्या. जबाब घेतानाही त्साईला छापील प्रश्न सोडता येईनात.

"विमान आलं तेव्हा शेत इथंच होतं का?"

काकूंनी नीट आठवून पाहिलं. "शेत हललं नाही. लिहा तसं."

विमान अकरा दिवस तिथंच होतं. काकू पंखाच्या सावलीत खुरपायच्या आणि मिस्त्री लोकांना गेल्या हंगामाच्या शेंगा उकडून द्यायच्या. नवव्या दिवशी मुख्य मिस्त्री म्हणाला, "मावशी, आत बघायचंय?"

काकू शिडी चढल्या, खिडकीशी बसल्या, पट्टा आवळला आणि डोळे मिटले. चिंग-फा शेजारी बसला होता.

"आई, हे उभं आहे."

"गप्प बैस. ठाऊक आहे मला."

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं. चाळीस वर्षं त्या शेतात वाकल्या होत्या, पण वरून ते कधी पाहिलं नव्हतं.

"त्या कोपऱ्यातल्या ओळी तिरक्या गेल्यात," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं कसं नाही मला?"

"मग येतेस ना माझ्याबरोबर?"

"येते. बोटीनं."

विमान क्रेननं ओढून नेल्यावर त्या बोटीनं गेल्या आणि पाच तास ओकत होत्या. काओशुंगला आठवडाभर राहून परतीच्या वेळी, बोटीचं नाव काढू नकोस म्हणत, मुकाट्यानं विमानात बसल्या. त्यांना आणायला मी विमानतळावर गेले होते. उतरल्या त्या कुरकुरतच.

"किती लांब थांबवलंन बघ. आता चालत जा."

त्या वर्षी भुईमूग कमीच आला. चाकांच्या दोन लांब खड्ड्यांत पाणी साचलं होतं. ते बुजवून द्यायला माणसं आली, त्यांना काकूंनी परत पाठवलं आणि तिथं अळू लावला. गुडघ्याएवढा झाला.