रोलरला घातलेली आंघोळ

कामणच्या कारखान्यात मला पॅकिंगमधून उठवून टेस्टिंगच्या टेबलावर बसवलं, ते गावी फोनवर नीट सांगताच आलं नाही. नववीतून शाळा सुटलेली मी, वाशीमकडची, आणि माझ्या हाताखाली पाच हजार व्होल्ट! आई एवढंच म्हणाली, "चप्पल घालून काम कर."

लोखंडी रोलरवर सिरॅमिकची पूड ज्वाळेतून फवारतात. तो पांढरा थर वीज अडवतो का, ते मी बघते. थराभोवती तांब्याची पट्टी गुंडाळायची, व्होल्टेज हळूहळू चढवायचं, पाच हजारांवर बटण दाबून मिनिटभर धरायचं. थर टिकला तर हिरवा दिवा, नाहीतर बझर.

फवारणारे काका इथल्याच उमेळे गावचे. गनवर त्यांचाच हात.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. आमच्याकडे अवजारांवर पाणी शिंपडतात, तसं मी फुलानं सगळीकडे शिंपडलं. रॅकवरच्या दोन नव्या रोलरवर तर जरा जास्तच. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर दोन्ही रोलर अडीच हजारांतच चट्ट करून बोंबलले.

"काका, हात थरथरायला लागला काय?" सुपरवायझर म्हणाले. "खरवडा आणि परत मारा."

काकांनी टोपी काढली, परत घातली.

हा थर स्पंजसारखा पाणी पितो, हे मला काकांनीच शिकवलं होतं. मी बोलले तर माझं टेबल जाणार. गप्प बसले तर काकांचं नाव जाणार.

"साहेब, त्यावर पाणी मी मारलं. पूजेचं."

सुपरवायझरांनी कपाळाला हात लावला. काका मात्र खो-खो हसले. "अगं बाय, फूल वाहायचं! रोलरला आंघोळ कोन घालतं? पानी चालत नाय त्याला."

"ओव्हनमध्ये सुकवा," सुपरवायझर म्हणाले. "उद्या हिनंच टेस्ट करायची. फेल गेले तर हिचं काय ते बघू."

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी काका शेजारी येऊन उभे राहिले. अडीच हजार गेले. चार. पाच. मी मनात साठ मोजायला लागले आणि मधेच आकडेच विसरले. हिरवा दिवा लागला तरी बटण दाबूनच.

"अगं, सोड आता! रोलर काय पलून जातोय?"

हात पुसून मी दुसऱ्या रोलरला पट्टी गुंडाळायला घेतली. बघते तर काका शिट्टी वाजवत गनकडे निघालेसुद्धा. दुसऱ्यासाठी थांबायची त्यांना गरज वाटली नव्हती.