चंद्राच्या फोटोतली शाल

भाऊजी,

तुमचं बोलणं कायम अर्धंच राहायचं, म्हणून सगळं मीच लिहिते. जन्मभर दवाखान्यात एक्स-रे काढलेत, लोकांना "श्वास रोखा" एवढंच सांगितलंत. निवृत्त झाल्यावर जुना कॅमेरा घेतलात, तोही चोरून आणल्यासारखा पिशवीत लपवून. माणसांचे फोटो काढायची लाज, म्हणून चंद्र. तो आमच्या इमारतीच्या गच्चीवर दिवेलागणीला उगवला, की समोर तुमच्या गॅलरीत कठड्याला कॅमेरा टेकवून तुम्ही स्वतःचाच श्वास रोखायचात.

पहिला फोटो बघून मी हसले. चंद्र म्हणजे नुसता पांढरा गोळा, आणि गच्ची मात्र लख्ख.

"अंधार होता ना, शटर बराच वेळ उघडं ठेवलं," तुम्ही पुटपुटलात.

"अहो, अंधार आपल्याकडे! चंद्रावर भर दुपार आहे. झटकन मिटवा शटर."

तुमचं चंद्राकडे लक्षच नव्हतं. बोट गच्चीच्या कोपऱ्यावर. तिथे दोरीवर तपकिरी शाल वाळत होती. तुमच्या बायकोची, तिला ठिगळ मीच लावलेलं. बायको जाऊन वर्ष झालं होतं, आणि दोरी मी तेव्हाच सोडवली होती.

"जुना फोटो असेल," मी म्हटलं.

"कॅमेराच परवा घेतलाय."

तरी माझं ऐकलंत. पुढच्या फोटोत चंद्राचा खड्डा न् खड्डा दिसला. बाकी सगळं काळंकुट्ट. मी शाबासकी दिली तर तुमचा चेहरा पडला.

"चंद्र आला, पण ती गेली."

मग पुन्हा मुद्दाम चुकायला लागलात. शेवटच्या फोटोत दोरी रिकामी होती. शाल गच्चीच्या कठड्याशी, दोन खांद्यांवर. तोंड तुमच्या गॅलरीकडे.

"गच्चीची किल्ली तुमच्याकडे आहे," तुम्ही म्हणालात. "तेवढं तिला खाली बोलवता? मला हाक मारवत नाही."

कधी मारवली होती! ती माझ्याकडे गप्पा मारत बसली, की तुम्ही गॅलरीत येऊन खोकायचात, आणि मी म्हणायचे, "ऊठ बाई, बोलावणं आलं."

"उद्या बघू," मी म्हटलं. त्याच आठवड्यात तुम्हाला स्मशानात पोचवून आलो आम्ही सगळे.

तुमच्या घराला कुलूप आहे. काल चंद्र वर आला, तेव्हा गॅलरीतून तोच खोकला ऐकू आला. जरा थांबून पुन्हा एकदा. खिळ्यावरची किल्ली काढून मी जिन्यापर्यंत गेले. वर कुणीतरी ओला कपडा झटकत होतं.

हाक मात्र मलाही मारवली नाही.